ब्राटवुर्स्टला ‘जर्मन हॉट डॉग’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: “न्यूर्नबर्गच्या चौकात आम्ही छोट्या पावात घातलेली तीन बारीक सॉसेजेस खाल्ली. अल्बममध्ये त्या फोटोखाली मी ‘जर्मन हॉट डॉग’ असं लिहिलं. तिकडेच राहणारी माझी भाची म्हणाली, ‘आत्या, इथे याला कुणी हॉट डॉग म्हणत नाही.’ मग मराठीत काय लिहायचं? सॉसेज, फ्रँकफर्टर, हॉट डॉग हे सगळं एकच ना?”

भाचीचं बरोबर आहे, आणि ही नावं एक नाहीत. आपल्या भाषेतच याचं उत्तर जवळ आहे. वडा आणि वडापाव यांत जो फरक, तोच सॉसेज आणि हॉट डॉग यांत. वडा बशीत चटणीबरोबर खाल्ला तरी वडाच असतो. पावात गेला, वर सुकी चटणी पडली, शेजारी मिरची आली, की तो वडापाव होतो. हॉट डॉग हे मुळात अशा जुळलेल्या पदार्थाचं नाव आहे. अमेरिकेतल्या दुकानात नुसत्या सॉसेजच्या पाकिटावरही ‘हॉट डॉग’ छापलेलं असतं हे खरं, पण ते सॉसेज त्या लांबट पावासाठीच केलेलं असतं. तिथला पाव सॉसेजच्याच लांबीचा, मऊ, किंचित गोडसर आणि बाजूने चिरलेला असतो. सॉसेज त्यात आडवं निजतं आणि वरची मोहरी, कांदा, लोणचं या सगळ्यांचा मिळून एक घास होतो.

युरोपातल्या टपरीवर मान सॉसेजचा. जर्मनीतल्या थुरिंगियात कोळशावर भाजलेलं ब्राटवुर्स्ट मिळतं (वुर्स्ट म्हणजे सॉसेज), ते नीट पाहा. सॉसेज वीतभर लांब आणि पाव मुठीएवढा, गोल, कडक सालीचा. दोन्ही टोकं पावाबाहेर चांगली चार बोटं लोंबत असतात. बहुतेक जण आधी एका बाजूचं टोक नुसतंच खातात आणि मग पावापर्यंत पोचतात. म्हणजे पावाचं पहिलं काम हात भाजू न देणं, चवीत भर घालणं हे दुसरं. तुम्ही खाल्लेलं न्यूर्नबर्गचं सॉसेजही ब्राटवुर्स्टच, पण करंगळीएवढं, सात ते नऊ सेंटिमीटरचं, वजनाने वीस-पंचवीस ग्रॅम, आणि त्यात मार्जोरम नावाच्या पाल्याचा वास. ते एकट्याने पुरत नाही म्हणून पावात तीन घालतात, आणि गिऱ्हाईक तिथल्या बोलीत मागतं: ‘द्राय इम वेग्ला’, म्हणजे ‘पावात तीन’. या मागणीत सॉसेजचं नावसुद्धा घ्यावं लागत नाही. न्यूर्नबर्गात तीन म्हटल्यावर दुसरं काय असणार?

डेन्मार्कमध्ये हा फरक भाषेनेच जपला आहे. कोपनहेगनच्या रस्त्यांवर 1921 पासून सॉसेजच्या गाड्या उभ्या राहतात. त्या गाडीला ‘पोल्सेवॉन’ म्हणतात. पोल्से म्हणजे सॉसेज. तिथे लाल सॉसेज मागितलं तर ते कागदी तबकात येतं आणि पाव शेजारी वेगळा. तोंडी लावायचं ते लावून एक घास याचा, एक घास त्याचा. त्याच गाडीवर सॉसेज पावात घालून, वर तळलेला कांदा आणि काकडीच्या चकत्या रचून हवं असेल, तर मात्र ‘हॉटडॉग’ मागायचं. गाडी तीच, विकणारा तोच, तरी शब्द दोन.

बर्लिनचं करीवुर्स्ट तर पावात घालतच नाहीत. भाजलेल्या सॉसेजचे तुकडे करायचे, वर टोमॅटोचा दाट सॉस, त्यावर करी पावडर भुरभुरायची, आणि छोट्या काट्याने टोचून खायचं. हेर्टा होयव्हर या बाईंनी 1949 मध्ये शार्लोटेनबुर्ग भागातल्या आपल्या टपरीवर ते विकायला सुरुवात केली. ‘करी’ हा तमिळ शब्द इंग्रजांच्या डब्यातल्या पावडरीवर बसून बर्लिनच्या टपरीपर्यंत गेला, हे मला फार विलक्षण वाटतं. तिथे मागणी नोंदवताना प्रश्न येतो, ‘मिट डार्म ओडर ओने?’ डार्म म्हणजे आतडं. सॉसेजला वरचं आतड्याचं आवरण हवं की नको, असा तो साधा प्रश्न आहे. आवरण असलं की दाताखाली ते कट्‌कन तुटतं, आणि त्या आवाजाचे शौकीन पुष्कळ आहेत.

आता नावांकडे. जर्मनमध्ये गावाच्या नावाला ‘अर’ लावला की ‘त्या गावचा’ असा अर्थ होतो, जसा आपल्याकडे ‘कोल्हापुरी’, ‘मालवणी’. फ्रँकफर्टर म्हणजे फ्रँकफर्टचं. वीनर म्हणजे वीनचं. वीन हे व्हिएन्नाचं जर्मन नाव. गंमत ही, की व्हिएन्नात ज्याला फ्रँकफर्टर म्हणतात, त्याच बारीक, लांब, उकडलेल्या सॉसेजला जर्मनीत वीनर म्हणतात. योहान गेओर्ग लाहनर नावाचा खाटीक फ्रँकफर्टला धंदा शिकला आणि व्हिएन्नाला येऊन 1805 मध्ये त्याने स्वतःचं दुकान घातलं. फ्रँकफर्टचं सॉसेज निव्वळ डुकराच्या मांसाचं असे. लाहनरने त्यात गोमांस मिसळलं, पण नाव शिकलेल्या गावाचं ठेवलं. इकडे जर्मनीत ‘फ्रँकफर्टर’ हे नाव फ्रँकफर्टच्या परिसरातल्या मालापुरतं राखून ठेवलेलं आहे, म्हणून इतरांच्या मिश्र मांसाच्या सॉसेजला व्हिएन्नाचं नाव मिळालं. गावाचं नाव लागतं ते गावाबाहेरच. कोल्हापुरात बसून कुणी ‘एक कोल्हापुरी मिसळ द्या’ असं म्हणत नाही, नुसती मिसळच मागतात.

चेक लोकांनी गाव सोडून दुसरीच खूण धरली. अशी सॉसेजेस जोडीने गाठलेली असत, म्हणून त्यांनी नाव दिलं ‘पारेक’, म्हणजे छोटी जोडी. आणि पावाला भोक पाडून त्यात सॉसेज खोचलेला पदार्थ म्हणजे ‘पारेक व रोह्लीकु’, शब्दशः पावातली जोडी, जरी आत एकच सॉसेज असलं तरी. ब्राटवुर्स्टमधल्या ‘ब्राट’चंही असंच. आजच्या जर्मनमध्ये ‘ब्राटेन’ म्हणजे भाजणं, त्यामुळे ‘भाजलेलं सॉसेज’ असा अर्थ सगळे लावतात. शब्दाचं मूळ मात्र ‘ब्रात’ या जुन्या जर्मन शब्दात आहे, आणि त्याचा अर्थ बारीक कुटलेलं मांस, म्हणजे आपला खिमा. खुद्द सॉसेज हा शब्द लॅटिनमधल्या ‘खारवलेलं’ या अर्थाच्या शब्दावरून आला. सॉस, सालसा, सलामी ही त्याचीच भावंडं, सगळी मिठाच्या पोटची.

‘हॉट डॉग’ हे नाव अमेरिकेत पडलं. जर्मन स्थलांतरितांनी ही सॉसेजेस तिकडे नेली. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर चार्ल्स फेल्टमन या मूळच्या जर्मन माणसाने एकोणिसाव्या शतकात ती पावात घालून विकली. त्याच्याकडे काम केलेल्या नेथन हँडवर्करने 1916 मध्ये स्वतःचा ठेला टाकला आणि दहा सेंटचा माल पाच सेंटला दिला. सॉसेजात नेमकं कोणाचं मांस आहे याबद्दल लोकांच्या मनात जुना संशय होता, त्यातून सॉसेजला ‘डॉग’ म्हणायची रीत पडली. न्यू जर्सीतल्या पॅटरसनच्या वर्तमानपत्रात 1892 च्या डिसेंबरात ‘हॉट डॉग’ छापून आलेलं आहे, आणि 1895 मध्ये येल विद्यापीठातले विद्यार्थी तो शब्द सर्रास वापरत होते. बेसबॉलच्या मैदानावर एका व्यंगचित्रकाराला ‘डाक्सहुंड’ हा कुत्र्याच्या जातीचा शब्द लिहिता येईना म्हणून त्याने 1901 मध्ये ‘हॉट डॉग’ लिहिलं, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. ती सोडून द्यावी. तसं चित्र कधी सापडलेलं नाही, आणि शब्द त्याच्या किमान नऊ वर्षं आधीचा आहे.

पुढे हा शब्द जगभर गेला. स्पॅनिश बोलणाऱ्यांनी त्याचं ‘पेर्रो कालिएन्ते’ केलं, अगदी शब्दाला शब्द: कुत्रा, गरम. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये ‘शिएँ शो’ हे फ्रेंच भाषांतर चालवून पाहिलं, तरी रस्त्यावरचा माणूस ‘हॉट-डॉग’च म्हणतो, आणि वाफवलेल्या पावातला हवा असेल तर ‘स्टीमे’. मराठीत असं भाषांतर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या कानाला त्यातून पदार्थ ऐकूच येत नाही.

शब्दाचा अर्थ मांसापेक्षा रचनेला किती चिकटला आहे, हे इंदूरच्या मराठी माणसांना विचारा. तिथे ‘छप्पन दुकान’ या खाऊगल्लीत ‘हॉट डॉग’ मागितला की गोल पाव येतो, तव्यावर शेकलेला, आत बटाट्याची किंवा मटणाची टिक्की. सॉसेज नावालाही नाही, तरी इंदूरकरासाठी तो पक्का हॉट डॉग आहे. सॉसेज गेलं, पाव राहिला आणि नाव पावाबरोबर राहिलं.

आपल्याला सॉसेजसाठी शब्द मिळतो तो गोव्यात. पोर्तुगीज ‘शोरिसू’चं तिथे ‘चोरीस’ झालं: डुकराचं मांस, लाल मिरची, व्हिनेगर, आणि दोऱ्याने गाठी मारून केलेली मण्यांची माळ. आवरण सोलून, कांद्याबरोबर परतून ते पावात भरलं की चोरीसपाव. इथेही पुन्हा वडापावाचंच व्याकरण आलं, आणि ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीजच. पण चोरीस हे एका विशिष्ट सॉसेजचं नाव आहे. ते जर्मन सॉसेजला लावलं तर गोव्यातला वाचक रागावेल, आणि त्याचा राग रास्त असेल.

तेव्हा सर्वसाधारण शब्द म्हणून ‘सॉसेज’ ठेवा, नपुंसकलिंगी: ते सॉसेज. विशिष्ट पदार्थाचं तिथलंच नाव लिहा: ब्राटवुर्स्ट, करीवुर्स्ट, पोल्से. जर्मनमध्ये वुर्स्ट स्त्रीलिंगी आहे, पण मराठीत सॉसेजच्या ओढीने ‘ते ब्राटवुर्स्ट’ सहज बसतं. हॉट डॉग मात्र ‘तो’, कारण वडापाव, बर्गर आणि सँडविच यांच्या पंगतीत तो ‘खाल्ला’ जातो. (सँडविचला कुणी ‘ते’ही म्हणतं, दोन्ही चालतं.)

तुमच्या फोटोखाली मी लिहीन: ‘न्यूर्नबर्ग, मुख्य चौक. पावात तीन ब्राटवुर्स्ट, वर मोहरी.’