आईच्या खालच्या दोन दाढा गेल्यात, वय ६१, शुगर आहे. इम्प्लांट करावं की ब्रिज?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईच्या उजवीकडच्या खालच्या शेवटच्या दोन दाढा दीड वर्षापूर्वी काढल्या. एका डॉक्टरांनी दोन इम्प्लांटचे सत्तर हजार सांगितले, दुसरे म्हणाले ब्रिजमध्ये भागेल, शेजारचे म्हणतात कवळी करा, आणि आई म्हणते, “आता कशाला, किती दिवस राहिले माझे?” त्यात शुगर, सकाळ-संध्याकाळ मिश्री, आणि गाव गंगाखेडपासून आत. इम्प्लांट खरंच कामाचं असतं की नुसता पैसे काढायचा धंदा, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. उदगीरला कृषी सेवा केंद्र चालवतो. पण माझी खालची डावी दाढ इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या स्क्रूवर, उभी आहे आणि आज दुपारी त्याच दाढेनं कडक भाकर आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, म्हणून लिहितो.

ब्रिजचं आधी उरकून टाकू. ब्रिज म्हणजे पूलच, त्याला दोन्ही काठांना खांब लागतो. अलीकडचा आणि पलीकडचा दात घासून बारीक करतात आणि तिन्हींवर मिळून जोडटोपी बसवतात. तुमच्या आईच्या शेवटच्याच दोन दाढा गेल्यात, म्हणजे पलीकडचा खांब नाही. मागं अक्कलदाढ शाबूत असेल तर वेगळी गोष्ट. नसेल तर पुढच्या दातांच्या जिवावर मागचा दात लोंबकळत ठेवावा लागतो, आणि चावायचा सगळ्यात जास्त जोर नेमका तिथंच येतो. त्या डॉक्टरांना एवढंच विचारा, मागून आधार कशाचा घेणार?

आता माझं. २०२० च्या थंडीत फुटाण्यावर दाढ मोडली, ती काढून टाकली. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, दोन-तीन महिन्यांनी या, जागा भरून घेऊ. मी गेलो नाही. एका दाढेनं काय अडतंय, दुसऱ्या बाजूनं चावतोच की. चार वर्षं अशीच गेली. २०२४ मध्ये गेलो तेव्हा वरची दाढ मोकळ्या जागेत खाली उतरली होती, मागची पुढं कलली होती, आणि हाड झिजून जुन्या बांधासारखं अरुंद झालं होतं. दात गेला की त्या जागेच्या हाडाला काम उरत नाही आणि ते आटत जातं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त. हे मला कुणी आधी ठासून सांगितलं असतं तर झिजलेलं हाड भरायला घातलेल्या पावडरीचे आठ हजार वाचले असते. तुमचं दीड वर्ष झालंय. “बघू पुढच्या दिवाळीला” हा पर्याय फुकटचा वाटतो, पण तो फुकटचा नाही.

म्हणून किमतीच्या आधी हाड बघा. साध्या एक्स-रेत हाडाची उंची दिसते, रुंदी दिसत नाही. त्यासाठी सीबीसीटी नावाचा स्कॅन असतो. आमच्या डॉक्टरांकडं ते मशीन नव्हतं, लातूरला पाठवलं. खालच्या जबड्यात हाडाच्या आतून एक नस जाते, ती ओठापर्यंत येते. तिला धक्का लागला तर अर्धा ओठ बधिर होऊन बसतो, कधी कायमचा. दाढेच्या बुडापासून ती नस किती खोल आहे ते स्कॅनवर मोजता येतं. माझ्यासमोरच कॉम्प्युटरवर रेघ ओढून मोजलं. खालची दाढ आणि स्कॅन नको म्हणणारा डॉक्टर असेल, तर मी तरी उठून आलो असतो.

बसवतात कसं? मला तर बोअरची गाडी आठवली. एका बाजूला भूल दिली, हिरडी उघडली, मग आधी बारीक बिट, मग त्याहून जाड, मग अजून जाड. सगळा वेळ गार सलाईनची धार सोडलेली, कारण हाड ४७ अंशांच्या वर मिनिटभर तापलं तरी तिथलं हाड मरतं. दुखलं अजिबात नाही, पण कवटीत घरघर ऐकू येते, ते विचित्र वाटतं. मग टायटॅनियमचा स्क्रू, असेल नखाएवढा लांब, हातातल्या छोट्या पान्यानं फिरवत आत घातला. टाके घातले. चाळीस मिनिटं. संध्याकाळी गाल सुजला, दोन दिवस बर्फ, आठवडाभर पेज आणि वरण-भात.

आणि मग थांबायचं. लोकांना हेच माहीत नसतं. स्क्रू बसला म्हणजे दात बसला असं नाही. हाड हळूहळू त्या धातूला घट्ट धरतं, त्याला खालच्या जबड्यात साधारण तीन-चार महिने लागतात, वरच्यात हाड भुसभुशीत म्हणून सहापर्यंत. टायटॅनियमला हाड असं चिकटतं हे स्वीडनच्या ब्रॉनेमार्क नावाच्या डॉक्टरांना सशाच्या पायावरच्या प्रयोगात कळलं, त्यांना ते धातूचं नळकांडं परत काढताच येईना. १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाला असे दात बसवले आणि तो माणूस २००६ मध्ये वारला तोवर ते टिकले. म्हणजे नवीन खूळ नव्हे हे.

माझा स्क्रू २०२४ च्या दिवाळीनंतर बसला. त्यात हाडाची पावडर घातलेली, म्हणून जास्त थांबलो. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात सगळे उसाचं टिपरू सोलत बसले आणि मी आपला भज्जी-आंबिलावर. स्क्रूवर दाताची टोपी बसली ती पाडव्याच्या आठवड्यात. पहिल्यांदा शेंगदाणा चावला तेव्हा काठीच्या टोकानं जमीन चाचपल्यासारखं वाटलं. आपल्या दाताच्या मुळाभोवती गादीसारखा थर असतो, त्यानं दाब कळतो, इम्प्लांटला तो नसतो. पंधरा दिवसांत विसरलो.

खर्च सांगतो. टोपीसकट पस्तीस हजार, वर पावडरीचे आठ. तेव्हा सोयाबीन बेचाळीसशेनं जात होतं, म्हणजे दहा क्विंटल गेलं. (हमीभाव ४८९२ होता. असो.) तुम्हाला दोनाचे सत्तर सांगितलेत ते फार वावगं नाही, पण दोन लागतातच का, हे विचारा. सगळ्यात मागच्या दाढेवाचून पुष्कळ लोकांचं भागतं. पुढची एकच भरली तरी आईची भाकर चावून होईल का, आणि वरची मागची दाढ खाली उतरू नये म्हणून काय करता येईल, हे दोन प्रश्न कागदावर लिहून न्या. निम्मे पैसे वाचण्याची शक्यता यात आहे, घासाघीस करण्यात नाही.

पैसे कमीच असतील तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, लातूरलाही दंत महाविद्यालय आहे. तिथं खर्च कमी येतो, चकरा जास्त होतात. आईला एसटीत अर्धं तिकीट आहे, पण तुमची रोजंदारी बुडते ती धरा. माझ्या सगळ्या मिळून आठ चकरा झाल्या, त्याही स्कॅनची लातूरची सोडली तर गावातल्या गावात.

कवळीला नावं ठेवू नका. काढता-घालता येते, स्वस्त आहे, कापाकापी नाही. एकाच बाजूची असली की हलते, खाली दाणे अडकतात, आणि बऱ्याच बायका ती शेवटी डबीत ठेवून देतात. माझ्या आईची देवळीत आहे, सणाला निघते. पण शुगर आवरतच नसेल तर तोवर कवळी हेच शहाणपण.

शुगरचं म्हणाल तर, रोजची नाही, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करा. माझी ८.९ निघाली आणि डॉक्टरांनी सरळ परत पाठवलं. ७.१ वर आली तेव्हा तारीख मिळाली. शुगर असली म्हणजे इम्प्लांट होत नाही असं नाही. आवाक्यात नसली तर जखम भरत नाही आणि हाड स्क्रूला धरत नाही. आणि एक गोष्ट तुम्ही प्रश्नात लिहिली नाही, ती विचारून घ्या. आईला हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा सलाईनमधून औषध दिलंय का, किंवा आठवड्याला एक अशी गोळी चालू आहे का? असेल तर दातांच्या डॉक्टरांना पहिल्यांदा तेच सांगा, त्या औषधांवर जबड्याचं हाड सडायचा धोका असतो. रक्त पातळ व्हायची गोळी असेल तर तीही सांगा, स्वतःहून बंद करू नका.

“तीन दिवसांत पक्के दात” असे फलक दिसतील. लवकर दात देता येणाऱ्या पद्धती आहेत, काही जणांना चालतातही. माझ्या मेहुण्यानं एका शहरात असेच दात घेतले, शुगर कुणी विचारली नाही, वर्षाच्या आत दोन हलायला लागले. परत गेला तर म्हणे तुम्ही नीट घासलं नाही.

घासायचं मात्र खरंच आहे. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतीची हिरडी सुजते, हाड खाली सरकतं, आणि मुळात नस नसल्यानं दुखत नाही. हलायला लागल्यावर कळतं. टोपीच्या बुडाशी फिरवायचा बारीक बाटलीब्रशसारखा ब्रश मिळतो, तो रोज रात्री. सहा महिन्यांनी दाखवायचं. माझी टोपी दोन महिन्यांत किंचित डुगडुगली, जीव खाली गेला. टोपी धरणारा छोटा स्क्रू ढिला झाला होता फक्त, डॉक्टरांनी पाना लावला, टक्क आवाज आला, झालं. म्हणून कंपनी आणि मापाचं स्टिकर लावलेलं कार्ड मागून घ्या आणि रेशन कार्डाजवळ ठेवा. उद्या डॉक्टर गाव सोडून गेले तर दुसऱ्याला त्या मापाचा पाना शोधावा लागेल.

राहिली मिश्री. तंबाखूनं हिरडीचा रक्तपुरवठा आखडतो, जखम भरत नाही, म्हणजे शुगरला जोडीदारच. तुम्ही आईला सांगू नका, डॉक्टरांना सांगू द्या. मी वीस वर्षं चुना-तंबाखू खाल्ली, बायको बोलून थकली. स्क्रूच्या दिवशी खुर्चीत बसलो तर डॉक्टरांना खिशातली चुन्याची डबी दिसली. त्यांनी मास्क खाली केला, ट्रे पुढं सरकवला आणि म्हणाले, “काका, एकतर ही यात ठेवा, नाहीतर मी स्क्रू कपाटात ठेवतो.” डबी परत मागायला मी गेलो नाही.