तळघरात किती खोल्या, पेटीत किती नाणी?

या वेळच्या बहुतेक पत्रांत दोनच गोष्टी विचारल्या आहेत: साहसाची जागा कशी आखायची आणि तिथून खेळाडूंच्या हाती काय लागू द्यायचं. आमच्या मते हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच, त्यामुळे उत्तरंही एकमेकांत गुंतली आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे आकडे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून पात्रं आणि फासे घेऊन खेळायच्या साहसखेळाच्या २०१४च्या पाचव्या आवृत्तीतले समजावेत.

प्रश्न: ३६ खोल्यांचं तळघर काढलं. प्रत्येक खोलीत राक्षस नाहीतर सापळा आहे. तीन सत्रं झाली, खेळाडू अकराव्या खोलीत आहेत आणि कंटाळलेत. खोल्या कमी करू का?

खोल्या राहू द्या, त्या रिकाम्या करा. याच खेळाच्या १९८१च्या ‘बेसिक’ नियमांत खोल्या भरायचा एक साधा तक्ता आहे आणि तो आजही चालतो. प्रत्येक खोलीसाठी सहा बाजूंचा फासा टाकायचा. १ किंवा २ आल्यास राक्षस, ३ आल्यास सापळा, ४ आल्यास काहीतरी विशेष, ५ किंवा ६ आल्यास खोली रिकामी. मग खजिन्यासाठी दुसरा फासा: राक्षसाच्या खोलीत १ ते ३ आल्यास खजिना, सापळ्याच्या खोलीत १ किंवा २ आल्यास, रिकाम्या खोलीत फक्त १ आल्यास. तुमच्या ३६ खोल्यांना हे लावलं तर सरासरीने १२ राक्षस, ६ सापळे, ६ विशेष आणि १२ रिकाम्या खोल्या येतात. खजिना साधारण १० ठिकाणी असतो आणि त्यातल्या दोन जागी राखणीला कुणीही नसतं. हे दोन साठे शोधून काढणाऱ्या खेळाडूंचे चेहरे लढाई जिंकणाऱ्यांपेक्षा जास्त खुलतात.

रिकामी खोली म्हणजे चार भिंती नव्हेत. पुढे काय आहे ते तिने सांगायचं असतं. शेजारी मिनोटॉर (बैलाच्या डोक्याचा राक्षस) असेल तर इथल्या दाराच्या चौकटीला वरच्या बाजूने शिंगांचे ओरखडे हवेत, कोपऱ्यात फाटलेली पोती हवीत. शिवाय पळून आल्यावर दार लावून बसायला एखादी जागा लागते. प्रत्येक खोलीत लढाई असेल तर माघार घ्यायला ठिकाणच उरत नाही आणि सावध खेळायचं कारणही संपतं.

मोजमापाचं म्हणाल तर चार तासांच्या सत्राला सात-आठ खोल्या पुरतात आणि त्यांत दोन लढाया. टेबलाभोवती पाच खेळाडू असतील तर एक लढाई पाऊण तास सहज खाते.

आता नकाशाच तपासा. प्रवेशद्वारावर बोट ठेवा आणि शेवटच्या खोलीपर्यंत किती वाटांनी पोचता येतं ते पाहा. एकाच वाटेने पोचत असाल तर ते तळघर नसून बोळ आहे, खोल्या कितीही असोत. साहसं आणि नकाशे रचणाऱ्या जेनेल जॅक्वेज यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस काढलेले नकाशे आजही अभ्यासले जातात ते यासाठीच: अनेक प्रवेश, अनेक जिने, फिरून त्याच जागी आणणाऱ्या वाटा. दहा खोल्यांच्या सरळ नकाशाला तीन जोडण्या पुरतात. खोली ३ आणि ८ यांच्यामध्ये सरपटत जाण्याइतकं अरुंद भुयार काढा. खोली ६ला बाहेरून दुसरा प्रवेश द्या, उदाहरणार्थ पडीक विहीर. खोली २मधून थेट ९मध्ये उतरणारा जिना ठेवा, पण तो अर्धा ढासळलेला, म्हणजे दोरी लागेल.

यावर नेहमीची शंका अशी, की शेवटच्या राक्षसाला वळसा घालून खेळाडू निघून गेले तर? जाऊ द्या. फक्त सगळा खजिना त्याच्याच पायाशी ठेवू नका.

प्रश्न: डावीकडे जायचं की उजवीकडे, यावर माझे खेळाडू पंधरा मिनिटं घालवतात.

कारण दोन्हीकडे सारखाच अंधार आहे. माहितीशिवाय केलेली निवड म्हणजे छापा-काटा आणि छापा-काट्यावर वाद घालण्यासारखं काही नसतं, म्हणून तो संपत नाही. प्रत्येक फाट्यावर एक खूण द्या, ती नाकाने, कानाने किंवा त्वचेने कळणारी असावी. डावीकडून ओलसर गार वारा येतो, उजवीकडे तळलेल्या चरबीचा वास आहे. आता वाद झाला तरी तो कशाबद्दल तरी होईल.

प्रश्न: प्रत्येक लढाईनंतर खेळाडू तासभर विश्रांती घेतात. नियमात ते बसतं, पण धाक राहत नाही.

धाक घड्याळातून येतो, आणि तुमच्या तळघरात घड्याळच नाही. मशाल एक तास जळते आणि छोटी विश्रांतीही एका तासाची, म्हणजे प्रत्येक विश्रांतीची किंमत एक मशाल. मशाली मोजायला लागा, एवढ्यानेच निम्मा फरक पडतो. (अंधारात पाहू शकणारी पात्रं असतील तर हा उपाय लंगडा पडतो. मात्र पूर्ण काळोखात त्यांनाही सगळं अंधुकच दिसतं, रंग कळत नाहीत आणि नजरेने शोधायचा फासा डिसॲडव्हांटेजने, म्हणजे दोन फासे टाकून कमी आलेला धरून, टाकावा लागतो. डीएम, म्हणजे खेळ चालवणारे, हे हमखास विसरतात.)

दुसरं घड्याळ जुन्या नियमांतलं आहे: दर वीस मिनिटांनी सहा बाजूंचा फासा, १ आला की भटका राक्षस. तासात तीन फासे पडतात, म्हणजे निदान एक भेट होण्याची शक्यता ४२ टक्के. दोन तासांत ती ६७ टक्क्यांच्या आसपास जाते. भटक्या राक्षसाजवळ खजिना नसावा. असला तर खेळाडू मुद्दाम त्याची वाट पाहत बसतात आणि घड्याळाचं दुकान होतं.

प्रश्न: दुसऱ्या लेव्हलला एका पात्राला +३ तलवार देऊन बसलो. आता लढाया लगेच संपतात. तलवार चोरीला गेली असं दाखवू का?

नको. चोरीमागे तुम्ही आहात हे टेबलावर सगळ्यांना कळतं.

आधी नेमकं काय बिघडलं ते पाहू. हल्ल्याचा बोनस +५, समोर १६ चिलखत (फासा आणि बोनस मिळून एवढा आकडा गाठला की वार लागतो), म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर ११ हवेत आणि वार लागण्याची शक्यता ५० टक्के. +३ तलवार हल्ल्यात आणि इजेत प्रत्येकी ३ मिळवते, त्यामुळे हीच शक्यता ६५ टक्के होते. लाँगस्वोर्डची सरासरी इजा (ताकदीचे ३ धरून) साडेसातवरून साडेदहावर जाते. दोन्ही एकत्र केल्यास दर वारी सरासरी ३.७५च्या जागी सुमारे ६.८ इजा, म्हणजे जवळपास ८२ टक्के वाढ. ‘फक्त तीनच तर वाढवले’ म्हणताना हा गुणाकार लक्षात येत नाही. नियमावलीत +३ शस्त्र ‘व्हेरी रेअर’ म्हणजे फार दुर्मिळ वस्तूंच्या गटात येतं आणि असा गट अकराव्या लेव्हलपासून पुढे सुचवला आहे. एका पात्राने तीनच वस्तूंशी अट्यूनमेंट (जादूच्या वस्तूशी जोडून घेणं) करावी, हा लगामही इथे चालत नाही, कारण साध्या +३ तलवारीला अट्यूनमेंट लागतच नाही.

नेहमीची चूक म्हणजे शत्रूंचं चिलखत तीनने वाढवणं. चिलखत १९ केलं की तलवारवाला पुन्हा ५० टक्क्यांवर येतो, पण बाकीचे चौघे ३५वर घसरतात. शिक्षा भलत्यांनाच होते. त्याऐवजी शत्रूंची संख्या वाढवा आणि जागा बदला: एका वारात एकच पडतो, म्हणून आठ दुबळे शत्रू दोन दांडग्यांपेक्षा भारी पडतात. खंदकापलीकडे धनुर्धर असतील तर तलवार म्यानातच राहते. तरीही जमत नसेल तर खेळाडूला सरळ सांगा, की माझं गणित चुकलं, आपण हिला +१ करू या. बहुतेक जण ऐकतात.

पुढे देताना आकडा वाढवणाऱ्या वस्तूंपेक्षा काही नवं करू देणाऱ्या वस्तू निवडा. कुठलंही कुलूप बंद करणारी पण एकही न उघडणारी किल्ली. जवळच्या वाहत्या पाण्याकडे ज्योत झुकवणारी मेणबत्ती. अशा वस्तू पहिल्या लेव्हललाही निर्धास्त देता येतात, आणि खेळाडू त्यांचे असे उपयोग काढतात की तुम्हाला नकाशा पुन्हा पाहावा लागतो.

प्रश्न: पात्रांकडे ४,००० सोन्याची नाणी साठली आहेत. खर्चायला काही नाही, त्यामुळे खजिना सापडला तरी कुणाला काही वाटत नाही.

जुन्या नियमांत सुरक्षित ठिकाणी आणलेल्या एका सोन्याच्या नाण्याला एक अनुभवगुण (ज्यांवर पात्राची लेव्हल वाढते) मिळे, म्हणून सोनं हीच प्रगती होती. पाचव्या आवृत्तीत ते नातं तुटलं. १,५०० नाण्यांचं प्लेट चिलखत घेतलं की सोन्याची ओढ संपते. हवं असल्यास जुना नियम परत आणा, मात्र मग मारलेल्या राक्षसांचे गुण बरेच कमी करा, नाहीतर लेव्हल धावत सुटेल.

पण त्याआधी खजिन्याला वजन द्या. ५० नाणी म्हणजे एक पौंड. ५,००० तांब्याची नाणी फक्त ५० सोन्याच्या किमतीची असतात आणि १०० पौंड भरतात. ताकद १० असलेलं पात्र सगळं मिळून १५० पौंड उचलू शकतं. तेवढ्याच किमतीचं एक रत्न खिशात मावतं. किंमत एकच, कटकट निराळी, आणि खेळ त्या कटकटीत असतो. समजा तळघरात ४०० पौंडांची, ६०० सोन्याच्या किमतीची पितळी घंटा आहे. तिला चौघे लागतात, तेव्हा मशाल कोण धरणार? दर पावलाला ती वाजते. खोली ३ आणि ८मधल्या अरुंद भुयारातून ती जात नाही, म्हणजे जी वाट टाळली होती तीच परतीला घ्यावी लागते. इथे खजिनाच नकाशा बदलतो.

प्रमाण हवं असेल तर २०१४च्या डीएमसाठीच्या मार्गदर्शक पुस्तकात लेव्हल १ ते ४ या टप्प्यासाठी साधारण ७ मोठे साठे धरले आहेत आणि ५ ते १० साठी १८. नकाशावर मात्र ७ऐवजी १० मांडा, सगळे कधीच सापडत नाहीत.

प्रश्न: गुप्त दार कुणालाच सापडलं नाही आणि साहस तिथेच अडकलं.

पुढे जायची एकमेव वाट गुप्त ठेवू नये. गुप्त दारामागे जास्तीचं ठेवा: जवळची वाट, दडवलेली पेटी, शत्रूचं बोलणं ऐकायची जागा. आणि फाशावर फार विसंबू नका. +२ बोनसवाल्याला वीस बाजूंच्या फाशावर १५ गाठायची शक्यता ४० टक्के, पण पाचही जणांनी फासा टाकला तर कुणालातरी सापडण्याची शक्यता ९२ टक्के होते. मग दार लपवून तरी काय मिळालं? त्यापेक्षा तीन खुणा ठेवा: धुळीत भिंतीपाशी संपणारी पावलं, एकाच कोनाड्यात झुकणारी मशालीची ज्योत आणि बाहेरून मोजलेल्या लांबीपेक्षा दहा फूट आखूड भरणारी खोली. ‘मी त्या भिंतीवर ठोकून पाहतो’ असं कुणी म्हणालं, तर फासा न मागता दार उघडा.