चिनी चित्रांतला पक्षी : बगळा, सारस की क्रौंच?

प्रश्न असा आहे : चिनी चित्रांत पाइन वृक्षापाशी दिसणारा लांब पायांचा पांढरा पक्षी मराठीत ‘बगळा’ म्हणून चालेल का?

चालणार नाही. पहिल्या उल्लेखात ‘लाल माथ्याचा क्रौंच’ लिहावे, पुढे नुसते ‘क्रौंच’.

बगळा लिहिला की अर्थच बदलतो. चीनमधल्या मिंग आणि छिंग राजघराण्यांच्या काळात मुलकी अधिकाऱ्यांच्या झग्यावर छातीला आणि पाठीला भरतकाम केलेला चौकोन असे. पहिल्या श्रेणीला त्यावर क्रौंच, बगळा थेट सहाव्या श्रेणीला! बगळ्याला चिनीत ‘लू’ म्हणतात आणि वाटेलाही ‘लू’; कमळ आणि ‘ओळीने’ यांचा उच्चारही एकच, ‘लिएन’. म्हणून कमळांत एकटा बगळा काढला तर ती परीक्षांत ओळीने यश मिळो अशी शुभेच्छा. क्रौंच हे अमर सिद्धांचे वाहन. तो हजार वर्षे जगतो अशी समजूत, पाइन सदाहरित, म्हणून ही जोडी वडीलधाऱ्यांच्या वाढदिवसाला भेट देतात. ‘क्रौंचावर बसून पश्चिमेला गेले’ याचा अर्थ मात्र ‘वारले’. अनुवादात ते शब्दशः ठेवू नये.

चित्रात ओळखायचे कसे? उडताना क्रौंचाची मान सरळ ताणलेली असते, बगळ्याची आखडलेली. सोंग घराण्यातल्या सम्राट ह्वेइत्सोंगच्या 1112 सालच्या चित्रात राजवाड्याच्या दरवाजावर वीस क्रौंच आहेत : अठरा उडणारे, दोन छपराच्या टोकांवर टेकलेले. उडणाऱ्यांच्या माना पाहाव्यात. उभ्या क्रौंचाची शेपटी काळी भासते, पण ती मिटलेल्या पंखांची काळी पिसे. खरी शेपटी पांढरी असते. फांदीवर बसला आहे म्हणून त्याला बगळा ठरवू नये. या क्रौंचाचे मागचे बोट लहान आणि वर असल्याने त्याला फांदी धरता येत नाही. चित्रकाराने दीर्घायुष्याची दोन चिन्हे एकत्र आणलेली असतात.

‘सारस’ त्याच कुळातला, गोंदियाच्या धानशेतीत दिसणारा. पण अंगाने राखाडी, आणि लाली मानेवरही उतरलेली. वर्णन जुळत नाही. ‘करकोचा’ स्टॉर्कलाही म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो.

‘क्रौंच’ म्हटल्यावर मराठी वाचकाला वाल्मीकींचा शोक आठवणार, ही एक अडचण आहे खरी. चिनी क्रौंचाचा मुख्य संकेत विरहाचा नाही. दांपत्यप्रेमासाठी तिथे मँडरिन बदकांची जोडी काढतात, तेव्हा लेखात हे एका वाक्यात सांगून टाकावे.