सुळे बसेनात!

प्रश्न : ताई, कॉस्च्युम पार्टीसाठी व्हॅम्पायर होतोय, बाकी सगळं जमलंय पण सुळ्यांवर घोडं अडलंय. टोपीसारखे दोन वेगळे सुळे आणलेत, ते सैल आहेत, लांब पण फार आणि रंग एकदम ट्यूबलाइटसारखा पांढरा. मित्र म्हणतो सरळ इन्स्टंट ग्लूने चिकटव. चिकटवू का? आणि घातले की बोलणं बोबडं होतं.

उत्तर : मित्राला आधी हाकल बाबा! इन्स्टंट ग्लू, नखांचा ग्लू, यातलं काहीही तोंडात जाता कामा नये, दाताचं वरचं आवरण पण निघेल आणि हिरडी भाजेल ती वेगळीच.

सुळ्यांसोबत प्लास्टिकचे बारीक मणी आले असतील बघ, फिटिंग त्यांनीच होतं. पण सगळ्यात आधी लांबी. टोक कापू नकोस, सगळी मजा टोकातच असते. हिरडीकडची कड थोडी थोडी घासायची, नखं घासायची फाइल चालते, ओली करून घास म्हणजे धूळ उडणार नाही, आणि मधेमधे लावून ओठ मिटून बघ, खालच्या ओठाला टोचलं तर टोक जरासं, अगदी जरासंच, गोल कर.

मग रंग. खरे दात पांढरेशुभ्र नसतातच, त्यात सुळे तर पुढच्या दातांपेक्षा जास्त पिवळट, म्हणून तुझे नकली वाटतायत. कडक कोरा चहा करून कोमट होऊ दे, त्यात सुळे बुडव आणि दर थोड्या वेळाने काढून आरशात दाताशेजारी धरून बघ. हे फिटिंगच्या आधीच उरक, नंतर गरम काही लागलं की आतलं फिटिंग ढिलं होतं. नेलपॉलिश वगैरे लावू नकोस.

आता मणी. साधारण ६० अंशाच्या पाण्यात ते मऊ होतात आणि पारदर्शक दिसायला लागतात, तेव्हा चमच्याने काढ, पाणी झटक, बोटाला सोसेल इतकं निवलं की सुळ्याच्या पोकळीत भर, आणि दात ओला ठेवून अगदी मधोमधपासून मोजून तिसऱ्या दातावर, म्हणजे तुझ्या खऱ्या सुळ्यावर, दाब. पुन्हा पांढरं व्हायला लागलं की एकदोनदा काढ-घाल कर. हे विसरू नकोस, मी पहिल्यांदा तसंच कडक होऊ दिलं तर ते दोन दातांच्या फटीत जाऊन अडकलं आणि अर्धा तास आरशासमोर तोंड वासून उभी होते! बिघडलं तर टेन्शन नाही, सुळा तोंडातून काढून मणी परत गरम पाण्यात मऊ कर. ब्रेसेस, कॅप किंवा हलणारा दात असेल तर मात्र या भानगडीत पडूच नकोस.

बोबडेपणाचं म्हणशील तर स आणि श ला जीभ अडखळणारच, दोन-तीन दिवस रोज दहा मिनिटं घालून मोठ्याने काहीतरी वाच, बराच फरक पडतो. जेवताना काढून ठेव, खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे ही म्हण तुझ्यासाठीच आहे असं समज. गरम कॉफी पण नको. झोपताना तर नाहीच. धुवायला गार पाणी आणि जुना ब्रश, ठेवायला छोटी डबी, टिश्यूत गुंडाळून ठेवलेस तर कोणीतरी कचरा म्हणून टाकून देणार.