'फाइंडिंग निमो'मधली डोरी जेलीफिशच्या डंखांतून वाचली, हे खरोखर शक्य आहे का?

डोरी वाचली ती तिच्यासोबत निघालेल्या मार्लिन या क्लाउनफिशमुळे, हे आधी सांगतो. एवढ्या जेलीफिशमध्ये अडकलेला छोटा मासा जिवंत राहणं पटतं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते बरंचसं पटतं.

२००३ सालच्या या पिक्सार चित्रपटातला तो प्रसंग पुन्हा बघा. घळ लागली की तिच्यावरून जाऊ नका, आतूनच जा, असं माशांच्या एका कळपाने डोरीला बजावलेलं असतं. असं का, ते तिला आठवत नाही, पण सूचना पक्की लक्षात असते. मार्लिनचा तिच्यावर भरवसा नाही. तो तिचं लक्ष दुसरीकडे वळवून वरूनच नेतो आणि दोघं जेलीफिशच्या रानात सापडतात. तिथून सुटायला तो शर्यत लावतो: जेलीफिशच्या छत्रीसारख्या वरच्या भागावरच उड्या मारत जायचं, खालच्या धाग्यांना शिवायचं नाही. स्वतः बाहेर पडतो, डोरी मागे राहते. तो पुन्हा आत शिरतो ते मला नुसतं धाडस वाटत नाही. तिला या संकटात आपणच आणलं, हे त्याला कळून चुकलेलं असतं.

शर्यतीचा नियम बराचसा खरा आहे. बहुतेक जातींत डंखाच्या पेशी खाली लोंबणाऱ्या धाग्यांवर दाटलेल्या असतात. (पेलाजिया ही जांभळट जात मात्र छत्रीनेही डंखते.) प्रत्येक पेशीत गुंडाळी करून ठेवलेली पोकळ नळी असते, स्पर्श होताच ती एका मिलिसेकंदाच्या आत सुटून कातडीत घुसते आणि विष सोडते. जेलीफिश हे ठरवून करत नाही. म्हणून धाग्यांत जितका वेळ, तितकं विष जास्त, आणि छोट्या शरीराला ते लवकर भारी पडतं. डोरीला झटपट ओढून बाहेर काढणं हाच खरा इलाज होता.

अ‍ॅनिमोनमध्ये, म्हणजे डंख मारणारे धागे असलेल्या फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यात, राहतो म्हणून मला डंखांची सवय आहे, असं मार्लिन म्हणतो. क्लाउनफिशच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला वाचवतो हे खरं. पण अ‍ॅनिमोनच्या हजाराच्या आसपास जातींपैकी जेमतेम १० जातींत हे मासे राहतात. ते कवच जेलीफिशपुढे पुरेल असं नाही. चित्रपटानेही तसं दाखवलेलं नाही: मार्लिनही बेशुद्ध पडतो आणि जागा होतो तो कासवाच्या पाठीवर.

मला पटत नाही ते एवढंच, की डोरी लगेच कासवांच्या पिल्लांशी लपाछपी खेळते. तिच्या जातीच्या निळ्या टँग माशाला क्लाउनफिशसारखं कसलंच कवच नाही, आणि कितीतरी जेलीफिश मासे पकडतात ते याच धाग्यांनी. पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर या जेलीफिशसारख्या विषारी प्राण्याच्या धाग्यांत वावरणारा नोमिअस नावाचा मासा आहे. त्याच्या अंगात त्या विषाला थोडाफार प्रतिकार असतो, तरी तोसुद्धा धागे चुकवत, अंग चोरूनच पोहतो.