नाशिकमध्ये लॉनमधल्या झाडांखाली जमिनीत बसवायचे दिवे कोणते घ्यावेत?

किमान आयपी६७चेच घ्या, म्हणजे धूळ आत न जाणारे आणि थोडा वेळ पाण्यात बुडाले तरी चालणारे. इथली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, फक्त पाण्याचा फवारा सोसणारा आयपी६५ त्यात टिकत नाही. खड्डा दिव्यापेक्षा फूटभर खोल घेऊन तळाला २० मिमी आकाराची खडी भरा.

अशोकासारख्या उंच, सरळ झाडाला १५ अंशांचा झोत पुरतो. आंब्याच्या घेराला ३६ ते ६० अंशांचे दोन दिवे लागतात. प्रकाश ३००० केल्विन, पिवळसर.

बिघाड बहुतेक वेळा केबलच्या जोडातच होतो. दिवा बंद झाल्यावर आतली हवा गार होऊन आकसते आणि केबलमधून ओल आत खेचते. मग काचेखाली बाष्प दिसू लागतं. इलेक्ट्रिशियन साधी टेप गुंडाळत असेल तर थांबवा, जेल भरलेला कनेक्टरच लावून घ्या. शक्यतो २४ व्होल्टची लाईन, आणि ट्रान्सफॉर्मरच्या आधी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.