लॅबमध्ये बुरशीने अळ्या मरतात, मक्यात का मरत नाहीत? जैविक कीटकनाशकाचं छोटं युनिट टाकायचं तर सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी झालंय, शेतातल्या मेलेल्या अळीवरून बव्हेरिया (अळ्या मारणारी बुरशी) वेगळी केली, डबीत अळ्या मरतात पण काकांच्या मक्यात फवारली तर लष्करी अळीला काहीच झालं नाही, आणि तरी चाळीसगावकडे युनिट टाकायचा विचार आहे. मी जळगावजवळ अशाच एका युनिटच्या लॅबमध्ये क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणी) बघतो, त्यामुळे रोज जे दिसतं तेच सांगतो.

अळी मारणारा जंतू सापडणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे भाऊ. बॅसी नावाच्या इटालियन माणसाने 1835 मध्येच दाखवून दिलं होतं की रेशमाच्या अळ्यांचा पांढरा रोग बुरशीमुळे होतो, तीच ही बव्हेरिया, आणि बीटी (बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा अळ्या मारणारा जिवाणू) सुद्धा जपानात 1901 ला रेशमाच्या अळीतच सापडला. म्हणजे जंतू आहेतच. अवघड काय तर ते जिवंत ठेवून अळीपर्यंत पोचवणं, त्यात आपलं खानदेशचं ऊन. या बुरशीला 25 ते 28 डिग्री मानवतं आणि हवेत भरपूर दमटपणा लागतो, तुमच्या डबीत ते दोन्ही होतं, भर दुपारी फवारलेल्या मक्यात नव्हतं. सूर्याच्या अतिनील किरणांनी पानावरचे बीजाणू काही तासांत मरतात. म्हणून फवारणी संध्याकाळीच, आणि नोझल थेट पोंग्यात (मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत). पोंग्यात सावली असते, ओल टिकते आणि लष्करी अळीही तिथेच बसलेली असते. पीक साधारण 15-25 दिवसांचं असताना, अळ्या लहान असताना मारा, मोठ्या झाल्यावर फारसा उपयोग नाही. टाकीत बुरशीनाशक मिसळलं असेल तर विषयच संपला, आणि हे लोक सर्रास करतात, मग म्हणतात "एक बी अळी मरनी नई भो".

कोणता जंतू कसा मारतो ते डोक्यात पक्कं पाहिजे. बुरशी अळीच्या अंगावर चिकटते, तिथेच उगवते आणि कातडीतून आत शिरते, ती पोटात जायची गरज नाही. बीटी मात्र खावाच लागतो, त्याचं प्रथिन अळीच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात विरघळतं, आतड्याला भोकं पडतात, अळी काही तासांत खाणं सोडते पण मरायला दोन-तीन दिवस घेते (आणि शेतकरी दुसऱ्याच दिवशी फोन करतो!). एचएनपीव्ही हा विषाणू, तोही खावा लागतो, हरभऱ्यात घाटे अळी त्याने उलटी लटकून मरते. आता कपाशीतली गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात घुसली की यातलं काहीच तिच्यापर्यंत जात नाही, डोमकळ्या (अळी लागून न उमललेली फुलं) दिसतात त्या वेळी काय ते करायचं. म्हणून लेबलवर 'सर्व अळ्यांवर रामबाण' लिहिलेलं दिसलं की मला हसू येतं.

लॅबचं काम नीट करा. लष्करी अळ्या आणि घाटे अळ्या एकमेकींना खातात, मोठ्या झाल्या की एका डबीत एकच ठेवा. घाटे अळीला हरभऱ्याच्या पिठाचं खाद्य चालतं. सोबत बुरशीशिवाय नुसतं पाणी आणि ट्वीन 80 (बीजाणू पाण्यात मिसळायला वापरतात ते द्रव) मारलेला कंट्रोल, म्हणजे तुलनेचा गट, हवाच, नाहीतर आपोआप मेलेल्या अळ्यांचं श्रेय तुमची बुरशी घेऊन जाईल. अजून एक, तेच कल्चर पीडीएवर (बुरशी वाढवायचं बटाट्याचं खाद्य) पुन्हा पुन्हा फिरवत राहिलं की त्याची मारक शक्ती उतरते, मधूनमधून अळीवर सोडून, मेलेल्या अळीतून परत काढून घ्यावं लागतं. हे खूप युनिटवाले करत नाहीत, प्लेटवर मस्त पांढरी शुभ्र वाढ दिसते आणि अळी मात्र मजेत मका खात असते.

वाढवणं मग सोपं, तांदूळ किंवा ज्वारी पिशवीत भरून 121 डिग्रीला निर्जंतुक करायची, गार झाल्यावर बुरशी सोडायची. खरी मारामारी सुकवण्यात आणि साठवण्यात. टाल्कमध्ये (बुरशी ज्या पावडरीत मिसळून विकतात ती) ओल राहिली की पाकीट फुगतं, वास येतो. मे महिन्यात 45 डिग्रीत पत्र्याच्या दुकानात पडून राहिलेलं एक पाकीट मी प्लेटवर टाकून बघितलं, लेबलवर ग्रॅमला 1×10⁸ सीएफयू (कॉलनी धरणारे जिवंत कण), प्लेटवर नुसत्या बॅक्टेरियाच्या चिकट पिवळट कॉलनी, बव्हेरिया औषधालाही नाही. कंपनीचं नाव सांगत नाही. पण विक्रेत्याकडे गार जागा नसेल तर माल उन्हाळ्यात पाठवूच नका, हे मी आमच्या मालकांनाही सांगतो.

घरच्या शेतापुरतं बनवून वापरणं वेगळं, कीटकनाशक म्हणून विकायचं तर 1968 चा कीटकनाशक कायदा लागतो, फरीदाबादच्या नोंदणी समितीकडे नोंदणी आणि मग राज्याच्या कृषी खात्याचा उत्पादन परवाना. त्या कायद्याच्या कलम 9(3बी) खाली तात्पुरती नोंदणी मिळते पण चाचण्यांचा खर्च आहे, तो बजेटमध्ये आधी धरा, मशिनरी नंतर.

मला विचाराल तर पहिलं प्रॉडक्ट मक्यासाठी काढूच नका, हुमणीसाठी (जमिनीत राहून मुळं खाणारी अळी) मेटारायझियम ही दुसरी अळीमार बुरशी काढा. शहादा-तळोद्याकडे ऊस आहे. शेणखतात मिसळून, चांगला पाऊस पडून जमिनीत ओल झाली की सरीत द्यायचं, मातीत ऊन लागत नाही, ओल असते, बुरशी टिकते. ग्राहक टिकायचे तर तिथे टिकतील.